दुसरी-तिसरीचा जोडवर्ग: न ओरडता, न मारता वर्ग कसा चालवायचा?

द्विशिक्षकी
जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे दुसरी (१४ मुलं) आणि तिसरी (१७ मुलं), खोली एकच, बसायला पट्ट्या. अडचणी अशा:

एका इयत्तेला शिकवायला घेतलं की दुसरीकडे बाजार भरतो. "गप्प बसा"चा असर दोन मिनिटं. भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावला होता, आता त्याच सहा-सात मुलांना चांदण्या मिळतात आणि बाकीच्यांनी तिकडे बघणं सोडलंय. खिचडीनंतरचा तास वाया जातो. आणि दुसरीतला एक मुलगा रोज कुणाला तरी मारतो.

शिक्षा करायची नाही हे पक्कं आहे. मग करायचं काय, ते नेमकं सांगा. "मुलांवर प्रेम करा" छापाचं नको, ते प्रशिक्षणात ऐकून झालंय.

खडूची_भुकटी
"गप्प बसा" चालत नाही, कारण त्यात मुलांनी काय करायचं हे कुठेच नसतं. शिवाय तुमचा आवाज त्याच गोंगाटात मिसळतो. मग मुलं आवाजाच्या पट्टीवरून अंदाज बांधतात की बाई खरंच चिडल्यात की अजून वेळ आहे. म्हणून पट्टी चढतच जाते.

एकच इशारा ठरवा. दोन सावकाश आणि तीन जलद टाळ्या तुम्ही वाजवायच्या, मुलांनी तोच ताल परत द्यायचा, मग हात मांडीवर आणि नजर तुमच्याकडे. त्यानंतर थांबायचं. शेवटचं मूल थांबेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. सुरुवातीला हे थांबणं फार लांबतंय असं वाटेल, वाटू द्या. बहुतेक जण इथेच चुकतात: वर्ग बऱ्यापैकी शांत झाला की सूचना सुरू करतात. मुलं त्यातून एवढंच शिकतात की टाळ्या म्हणजे जरा हळू बोला.

शांतता झाली की आवाज नेहमीपेक्षा खाली आणा. सूचना दोन पायऱ्यांपेक्षा मोठी नको: "वही मिटा. पेन्सिल वहीवर ठेवा." मग एका मुलाला विचारा, काय करायचंय? त्याला सांगता आलं नाही तर सूचनाच धड दिली गेली नाही असं समजा. आणि इशारा तासाला तीन-चार वेळांपेक्षा जास्त वापरू नका, बोथट होतो.

दुसरी गोष्ट रीतींची. चपला, पाणी, लघवी, वह्या वाटणं, खिचडीची रांग, काम संपल्यावर काय करायचं, हे सगळं सांगून होत नाही, धड्यासारखं शिकवावं लागतं. आधी तुम्ही करून दाखवायचं, मग दोन मुलांनी, मग सगळ्यांनी. एका रीतीला १० मिनिटं, आणि पुढचा आठवडाभर रोज एकदा उजळणी. जूनमध्ये राहून गेलं असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्याने सुरुवात करता येते, मुलांना तेव्हा नवं काही चालतं.

लघवीसाठी दाराला दोन पाट्या टांगा, एक मुलींची, एक मुलांची. पाटी गळ्यात घालायची, न विचारता जायचं, आल्यावर परत टांगायची. दिवसभरातलं "बाई, जाऊ?" बहुतेक संपतं. मात्र घाई असलेल्या मुलाला पाटी नाही म्हणून अडवायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मागची_पट्टी
जोडवर्गाबद्दल. दोन्ही इयत्ता एकाच फळ्याकडे तोंड करून बसवल्या असतील तर आधी ते बदला. एका इयत्तेचं तोंड मुख्य फळ्याकडे, उरलेल्या इयत्तेचं बाजूच्या भिंतीकडे. त्या भिंतीवर खाली मुलांच्या उंचीला काळा पट्टा रंगवलेला असेल तर उत्तमच. तुम्ही अशा जागी उभं राहा की एकीला शिकवताना उरलेली इयत्ता डोळ्यांच्या कोपऱ्यात राहील.

वेळ १५ ते २० मिनिटांच्या तुकड्यांत वाटा. क्रम महत्त्वाचा: जी इयत्ता स्वतः काम करणार तिला आधी कामाला लावायचं, दोन-तीन मिनिटं तिथेच थांबायचं, पहिली ओळ सगळ्यांनी लिहिलेली बघायची, आणि मगच दुसरीकडे वळायचं. उलटं केलंत तर शिकवणं अर्ध्यात सोडून उठावं लागतं.

स्वतः करायचं काम कधीही नवं नको. काल वर्गात झालेलंच हवं. हातच्याची वजाबाकी आज पहिल्यांदा दाखवली आणि लगेच सहा गणितं देऊन पाठ फिरवली, तर पाच मिनिटांत १४ मुलं तुमच्याभोवती उभी राहणार. त्यांना दंगा करायचा नसतो, ती अडलेली असतात. दुसरं कारण म्हणजे काम लवकर संपणं. म्हणून काम तीन थरांत द्या: सगळ्यांनी करायचं, झाल्यावर पुढचं, आणि त्यानंतर मोकळं, म्हणजे गोष्टीचं पुस्तक, अंककार्डं, चित्र. अडलं तर कुणाकडे जायचं याचा क्रम भिंतीवर लिहून ठेवा: आधी स्वतःची वही, मग शेजारी, मग गटप्रमुख, मग बाई.

सगळंच वेगळं शिकवायचा अट्टहासही नको. गोष्ट, कविता, खेळ, चित्रकला एकत्र घ्या. झाडं, पाणी, गावचा बाजार असे विषयही एकत्र चालतात. तिसरीने चार वाक्यं लिहायची, दुसरीने चित्र काढून नावं द्यायची.

खिचडीनंतर गणित ठेवलंय का? असेल तर सकाळी न्या. वरून पत्रा तापलेला, पोट भरलेलं, त्या वेळी नवं काही शिरत नाही. हात धुणं आणि पाणी झालं की इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंचा मौनाचा खेळ घ्या. गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी चालवलेली पद्धतही माँटेसोरीबाईंचीच. मुलं डोळे मिटून बसतात. तुम्ही दाराबाहेर जाऊन एकेकाचं नाव कुजबुजता. ज्याचं नाव ऐकू येईल त्याने पट्टीचा, पावलांचा आवाज न करता तुमच्यापर्यंत यायचं. सुरुवात अर्ध्या मिनिटाच्या शांततेने करा, हळूहळू दोन मिनिटांवर न्या. ३१ नावं एका दिवशी घेऊ नका, शेवटची मुलं कंटाळतात. आठ-दहा पुरे, कोण राहिलं त्यावर हजेरीत टिंब करा. आणि दंगा केला म्हणून मौन, असं एकदा जरी केलंत तर तो खेळ संपला. त्यानंतर १० मिनिटं मोठ्याने गोष्ट वाचा, मग जोडीने वाचन किंवा हस्तकला.

कोरी_पाटी
तक्त्याचं जे झालं ते होणारच होतं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांपैकी ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. शिवाय तुमच्या तक्त्यावर मागे पडलेलं मूल रोज भिंतीवर आपलं नाव रिकामं बघतं. महिना पूर्ण करून तक्ता उतरवा, गाजावाजा नको.

त्याऐवजी अख्ख्या वर्गाची एक बरणी ठेवा. रांग नीट झाली, वह्या दोन मिनिटांत वाटल्या गेल्या, की एक चिंचोका. ५० चिंचोके झाले की २० मिनिटं मैदान. टाकलेला चिंचोका कधीही काढायचा नाही.

कौतुक करताना "शाब्बास, हुशार" यात मुलाला कळण्यासारखं काही नसतं. "तू 'क्ष' खोडून परत काढलास, आता लगेच वाचता येतो" यात कळतं. हे जवळ जाऊन, हळू आवाजात. रोज १०-११ मुलं धरली तर तीन दिवसांत सगळा वर्ग होतो. हजेरीच्या कागदावर खूण ठेवा, नाहीतर पुन्हा तीच सहा-सात मुलं येतील.

प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा, मग नाव घ्या. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत असत. तीन सेकंदांपर्यंत थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. नाव आधी घेतलं की बाकीचे ३० जण सुटले.

गावकुसाबाहेर
बरणीबद्दल माझं मत वेगळं. तीही लाचच, फक्त सामुदायिक. आणि तुमच्या वर्गात एक मारणारा मुलगा आहे. "याच्यामुळे आपला चिंचोका हुकला" हे वाक्य आठवड्याभरात ऐकू येईल. ठेवायचीच तर फक्त रांग, वह्या, साफसफाई एवढ्यापुरती ठेवा. वागणुकीशी जोडू नका.

आता त्या मुलाचं. १० दिवस एका वहीत चारच गोष्टी लिहा: वेळ, जागा, मारण्याच्या लगेच आधी काय झालं, मारल्यावर त्याला काय मिळालं. "खोडकर", "आगाऊ" असे शब्द नकोत. बहुतेक वेळा एकच जागा किंवा एकच वेळ पुढे येते. नळावरच्या गर्दीत मारत असेल तर पाण्याची पाळी गटागटाने लावा. लिहायचं काम दिल्यावर मारत असेल तर त्याला ते जमत नाहीये, काम सोपं करा. मारलं की सगळा वर्ग आणि तुम्ही त्याच्याकडे धावत असाल, तर त्याला तेच हवंय.

घडलं त्या क्षणी दोघांच्या मध्ये उभं राहा. आधी ज्याला लागलं त्याच्याकडे बघा, मारणाऱ्याला एकच वाक्य: "मारायचं नाही, इथे बस." वर्गासमोर उलटतपासणी नको, जबरदस्तीचं सॉरी तर नकोच. १०-१५ मिनिटांनी तो निवला की बाजूला घेऊन बोला आणि मारण्याऐवजी काय म्हणायचं याचा सराव करून घ्या: "माझी आहे, दे", "जरा सरक". घरची बोली पावरी, कोरकू, गोंडी असेल किंवा मूल ऊसतोडीच्या कुटुंबातलं नव्याने आलेलं असेल, तर हे शब्द त्याच्याकडे वर्गाच्या भाषेत नसतात आणि हातच आधी उठतो. त्याची बोली येणारा जोडीदार शेजारी द्या. कान-डोळे एकदा तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांना हे नाव आधीच काढून द्या.

पालकांना भेटाल तेव्हा पहिली भेट तक्रारीची नको. तक्रार घरी गेली की तिकडे मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गात उतरतो.

कायद्याचं तुम्हाला माहीत आहेच, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी आहे. म्हणजे कोंबडा, उठाबशा तर नाहीतच, पण चारचौघांत "ढ" म्हणणंही नाही.

द्विशिक्षकी
हे उपयोगी आहे, आभार. एक राहिलं. मी बाहेर गेले की मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. चालू ठेवू का? आणि सोमवारी सुरुवात कशाने करू?

खडूची_भुकटी
नावं लिहिणं बंद करा. त्यात मैत्री, भांडणं, कधीकधी पेन्सिलींची देवाणघेवाण सगळं येतं, आणि आठ वर्षांच्या मुलाला पोलीस केल्यावर त्याच्याशी कुणी खेळत नाही. मॉनिटरला कामं द्या: तारीख लिहिणं, वह्या, खिडक्या. ही कामंही दर सोमवारी बदला.

सुरुवात फक्त टाळीच्या इशाऱ्याने आणि वह्या वाटण्याने. पाच-सहा मुलांचे गट, प्रत्येक गटाचा एक जण वह्या आणेल. बसण्याची रचना शनिवारी शाळा सुटल्यावर बदलून ठेवा, चालू तासात नको. पाणी आणि पाट्या त्यापुढच्या आठवड्यात.