कृष्णविवराभोवतीचा ध्रुवित प्रकाश : मोजमाप की रांगोळी?

खाडीकाठ, देवगड
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या चित्रातील, प्रकाशाच्या ध्रुवणाची (म्हणजे त्याच्या कंपनाची) दिशा दाखवणाऱ्या वळणदार रेघा ही संगणकाने काढलेली रांगोळी आहे आणि तिच्यातून कृष्णविवराचे हवे ते परिवलन (स्वतःभोवतीचे फिरणे) काढून दाखवता येते. हे वाचून स्वस्थ बसवले नाही. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या सिंक्रोट्रॉन प्रारणाचे, म्हणजे त्यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे, ध्रुवण त्या क्षेत्राला काटकोनात असते. तो प्रकाश फिरत्या कृष्णविवराजवळून निघताना त्याची वाट वाकते आणि ध्रुवणाची दिशाही वळते. ती किती वळते, हे वॉकर आणि पेनरोज या शास्त्रज्ञांनी १९७० साली दाखवलेल्या, वाटभर न बदलणाऱ्या स्थिरांकावरून काटेकोर निघते. येथे मनमानीला जागाच नाही. परिवलन त्या रेघांत दिसते.

मिऱ्या बंदर
रांगोळी म्हणणारा मीच. वाटेचे गणित मान्य आहे. माझा आक्षेप वाटेच्या सुरुवातीला आहे. इलेक्ट्रॉनांचे तापमान आणि सुरुवातीचे क्षेत्र आपणच गृहीत धरतो, त्यात फॅरडे परिणाम, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील प्लाझ्मातून (तप्त, विद्युतभारित वायूतून) जाताना ध्रुवणाचे होणारे वळण, दिशा आणखी फिरवतो. २०१७ आणि २०२१ च्या निरीक्षणांत एम ८७ च्या त्या रेघांचे वळण चक्क उलटलेले आढळले. चार वर्षांत कृष्णविवर उलटे फिरू लागले काय?

मालवण किनारा
ध्रुवण आम्हाला परीक्षेपुरते शिकवले. महाविद्यालयातील ध्रुवक काचा कायम कपाटात कुलूपबंद असत. पुढे होडीवर काकांचा ध्रुवक चष्मा लावला, तेव्हा पाण्यावरची तिरीप नाहीशी होऊन खालचा खडक दिसला आणि मान कलती करताच तिरीप परत आली. हे ज्याने पाहिले आहे, तो रांगोळी म्हणणार नाही.

मिऱ्या बंदर
माझ्या शिक्षणावर येऊ नये. मी बावीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे. शिवाय आपले उदाहरण दिशाभूल करते. पाण्यावर ध्रुवण परावर्तनाने होते, कृष्णविवराजवळ ते उगमातच असते.

मालवण किनारा
उगम वेगळा, हे खरे. पण मान कलती केल्यावर चष्म्याच्या बाबतीत जे घडते, तेच तेथे वाटेत प्रकाशाच्या बाबतीत घडते : त्याची ध्रुवणदिशा कलते. शिक्षणाबद्दलचे शब्द मागे घेतो, कुलपाबद्दलचे घेत नाही.

खाडीकाठ, देवगड
उलटले ते परिवलन नव्हे, भोवतालचा प्लाझ्मा बदलला. म्हणूनच एका चित्रावर न थांबता वर्षानुवर्षे पाहावे लागते. आपल्या दीर्घिकेच्या केंद्रातील धनू ए* या कृष्णविवराचे पाहा. ११ एप्रिल २०१७ रोजी क्ष-किरणांच्या भडक्यानंतर आल्मा या चिलीतील रेडिओ दुर्बिणींच्या संचाला ध्रुवणाची दिशा सुमारे ७० मिनिटांच्या आवर्तनाने फिरताना दिसली. कृष्णविवराभोवती घिरट्या घालणाऱ्या तप्त गोळ्याच्या प्रतिकृतीशी हे जुळते. ही रांगोळी कोणी काढली?

मिऱ्या बंदर
गोळा मान्य करतो. मात्र तो कृष्णविवरापासून इतका दूर आहे की तेथे परिवलनाचा ठसा पुसट असतो. त्या ७० मिनिटांवरून परिवलन किती, ते सांगावे.

खाडीकाठ, देवगड
सांगता येणार नाही. ‘परिवलन त्या रेघांत दिसते’ हे माझे वाक्य घाईचे होते.

मिऱ्या बंदर
मग मी ‘रांगोळी’ मागे घेतो. आपणही शीर्षकातील ‘मोजमाप’ काढावे.