पुनरुत्थानदिनाच्या ‘पाहुण्यांना’ मागे बसवायचं, तर थोमाला कुठे बसवणार?

मागच्या_बाकावरची
पुनरुत्थानदिन (ईस्टर) होऊन आठवडाही लोटला नाही, तोच एका पाळकांची पोस्ट सगळीकडे फिरते आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘वर्षातून एकदा नवे कपडे घालून येणारे सभासद नव्हेत, प्रेक्षक आहेत. मंडळीचा भार वाहतात ते वर्षभर येणारे. पुढच्या वर्षापासून पुढच्या रांगा नियमित येणाऱ्यांसाठी राखून ठेवू, बाकीच्यांनी मागे बसावं.’ खाली आमेनची रांग लागली आहे.

ज्या सकाळचा सण आपण साजरा करतो, त्या सकाळी ‘नियमित’ कोण होतं, हे मला कोणीतरी सांगा. शिष्य पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं होतं. बाकीचे अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेतूनच पसार झाले होते. उठलेला प्रभू पहिल्या संध्याकाळी भेटला तेव्हा शिष्यांपैकी थोमा हजरच नव्हता. त्याच्यासाठी आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला. थोमाला मागे बसवलं नाही, उलट जखमांना हात लावण्याइतकं जवळ बोलावलं.

पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थानदिनाच्या, रात्री चौथ्या शतकातल्या उपदेशक योहान ख्रिसोस्तोमच्या नावाचं एक छोटं प्रवचन दरवर्षी वाचतात. पहिल्या तासाला आलेल्याने आज आपली मजुरी घ्यावी, अकराव्या तासाला आलेल्याने उशीर झाला म्हणून भिऊ नये, मेज सर्वांसाठी मांडलं आहे, असा त्याचा आशय. मत्तयाच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखलाच त्यामागे आहे. त्या दाखल्यात उशिरा आलेल्यांनाही सारखीच मजुरी मिळाली, तेव्हा कुरकुर कोणी केली? दिवसभर राबलेल्यांनी. आणि धन्याने त्यांची बाजू घेतलेली नाही.

आमच्याकडे तर वर्षातून एकदा येणाऱ्याला वर्षातला एकच उपदेश ऐकायला मिळतो, आणि तोही न येण्याबद्दल!

माजी_सेक्रेटरी
ताई, लिहिणं सोपं आहे. कमिटीत या, जादा खुर्च्या मांडा, मग बोलू.

आमच्याकडे एक आजी आहेत. एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून वर्षभर दुसऱ्या रांगेत एका ठरावीक जागी बसतात. पाऊस असो, गुडघे दुखोत, आजी हजर. या पुनरुत्थानदिनी त्या जागेवर एका कुटुंबाने पर्स ठेवून ‘आमची माणसं येताहेत’ म्हणून जागा अडवली. आजी पहिलं गीत संपेपर्यंत उभ्या. ती माणसं उपदेश अर्धा झाल्यावर आली, प्रभुभोजनाआधी फोटो काढून गेली. पाळकांची पोस्ट अशा अनुभवातून येते.

इब्री लोकांस पत्र, 10:25. एकत्र मिळणं सोडू नका. तेही पवित्र शास्त्रातच आहे, की फक्त द्राक्षमळाच वाचायचा?

मागच्या_बाकावरची
आजींना पुढे जागा द्याच. पण त्यासाठी कानाचं कारण पुरेसं आहे, हजेरीपट लागत नाही.

थोमाचा_बंधू
दोन दुरुस्त्या. एक, ते पास्काचं प्रवचन खरोखर ख्रिसोस्तोमचं की नुसतं त्याच्या नावावर चालत आलेलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन, खुद्द ख्रिसोस्तोमने फक्त सणाला येणाऱ्यांना चांगलंच फैलावर घेतलं आहे. प्रभूच्या बाप्तिस्म्यावरच्या त्याच्या प्रवचनाची सुरुवातच त्या तक्रारीने होते. चौथ्या शतकातली माणसंही मंडळी सोडून घोड्यांच्या शर्यतींना जायची, यावरही तो तुटून पडला होता. तेव्हा त्याला एकाच बाजूने साक्षीला उभं करू नका.

आणि रोमच्या मंडळीच्या चौथ्या लॅटरन परिषदेला 1215 साली नियम करावा लागला की वर्षातून किमान एकदा, पास्काच्या काळात, प्रत्येकाने पवित्र सहभागिता घ्यावी. माणसं आपणहून येत असती तर असा नियम लागला नसता.

माजी_सेक्रेटरी
म्हणजे आळस आठशे वर्षं जुना आहे. छान. जुना झाला म्हणून तो सद्गुण होत नाही.

रात्रपाळी
मी नर्स आहे. रविवारची ड्यूटी बहुतेक माझ्याच वाट्याला येते, कारण माझी मुलं मोठी आहेत आणि बाकीच्यांची लहान. वर्षभर कोणाची ना कोणाची पाळी घेते आणि त्या बदल्यात पुनरुत्थानदिनाची सकाळ मागून घेते. रात्रपाळी संपवून तडक पहाटेच्या उपासनेला जाते. डोळे तारवटलेले असतात, नवे कपडे कुठले!

मागच्या वर्षी दारात मंडळीतले एक वडील हसत म्हणाले, ‘आज वाट चुकलात वाटतं?’ त्यांनी गमतीत म्हटलं, मला कळलं. तरी आत गेल्यावर पहिली दोन गीतं माझ्या कानावरून गेली.

आणि वर्षभरात मंडळीकडून मला काय येतं? वर्गणी थकल्याचा निरोप. ‘कशी आहेस’ असं विचारणारा एकही नाही. प्रेक्षक म्हणताय ना, तिकिटाचे पैसे मात्र बरोबर मागता.

माजी_सेक्रेटरी
तुमच्यासारख्यांबद्दल कोण बोलतंय? तुमचं वेगळं आहे.

रात्रपाळी
दारात उभं राहून कोणाचं वेगळं आणि कोणाचं नाही, हे तुम्ही कसं ओळखणार? माझ्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

तिसरा_उद्गार
पुढच्या रांगेत कोण बसतं याच्यावर एवढी चर्चा! जरा वेदीकडे बघा. तिथे कोण उभं राहतं?

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) बारा ते तीन, प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, सात वक्ते. मी आमच्या महिला मंडळात आले तेव्हापासून आम्हाला दरवर्षी तिसराच उद्गार मिळतो. ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा.’ का? तर त्यात आई आहे! क्षमेवर आम्ही बोलू शकत नाही? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या चौथ्या उद्गारावर तर आमच्यातल्या निम्म्या जणी चिठ्ठीशिवाय तासभर बोलतील.

कोरसमधला_बास
तासभर नको हो बहिणी, हात जोडतो! आमच्याकडे पाचव्या उद्गाराचे वक्ते ‘मला तहान लागली आहे’ यावर इतके बोलले की कोरसमधला टेनर उठून पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. प्रभूने तो उद्गार एका दमात काढला होता.

माजी_सेक्रेटरी
विषय काय, चाललंय काय.

तिसरा_उद्गार
विषय तोच आहे. पुढे कोण आणि मागे कोण. शुक्रवारी वधस्तंभाजवळ कोण होतं, योहान 19 वाचा. बायका आणि एक शिष्य. रविवारी कबरेकडे पहाटे कोण गेलं? बायका. आणि शिष्यांना त्यांचं बोलणं पोकळ वाटलं, हे लूकने लिहूनच ठेवलं आहे. यापेक्षा नियमित हजेरी कोणाची होती, सांगा! हजेरीवर रांगा द्यायच्या तर पुरुषांची जागा अंगणात.

थोमाचा_बंधू
मार्क 16:8 पण वाचा. त्या स्त्रिया कबरेतून पळाल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत. सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान तिथेच संपतं.

तिसरा_उद्गार
पळाल्या, पण कबरेपर्यंत जाऊन पळाल्या. तुमचे अकरा जण गुरुवारी रात्रीच पळाले होते. आणि तुम्हाला याद्या आवडतात म्हणून विचारते, 1 करिंथ 15 मध्ये पौल उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्यांची यादी देतो. केफा म्हणजे पेत्र आहे, बारा जण आहेत, पाचशेंहून अधिक बंधू आहेत, याकोब आहे, शेवटी पौल स्वतः आहे. कबरेपाशी प्रभू जिला पहिल्यांदा भेटला ती मरीया मग्दालीया कुठे आहे?

थोमाचा_बंधू
पौलाने आपल्याला मिळालेली परंपरा पुढे दिली, असं तोच म्हणतो. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीइतकं वजन नव्हतं. म्हणून तर शुभवर्तमानकारांनी त्यांची नावं ठेवली ही गोष्ट विश्वसनीय ठरते. रचून सांगायचं असतं तर कोणी मरीयेला पहिली साक्षीदार केलं नसतं.

तिसरा_उद्गार
म्हणजे पुनरुत्थान खरं ठरवायला आमची साक्ष चालते, आणि चौथ्या उद्गारावर बोलायला चालत नाही. वा!

वेदीसेवक
आम्हा कॅथलिकांकडे 2016 मध्ये मरीया मग्दालीयेच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळाला, प्रेषितांच्या बरोबरीचा. त्याच वर्षी पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही घेण्याची अधिकृत मोकळीक आली. तरी ‘नेहमीचे बारा पुरुष ठरलेत’ असं सांगणारे अजून भेटतात. तेव्हा प्रॉटेस्टंट भगिनींनी एकट्याच रडू नये, आमच्याकडेही रांग आहे.

कोरसमधला_बास
आणि सात उद्गारांची तीन तासांची उपासना तुमच्याच जेझुइट धर्मगुरूंनी पेरूमधल्या लिमामध्ये रूढ केली. आमच्या पाठदुखीची वर्गणी तुमच्याकडे पाठवतो.

माजी_सेक्रेटरी
इथे सगळेच शहाणे आहेत, मंडळी चालवायला मात्र कोणी नाही. पुढच्या रविवारी बाक पुन्हा रिकामे दिसले ना, तिथे तुमची हस्तलिखितं ठेवतो.

मागच्या_बाकावरची
चिडू नका. चिडल्यावर तुम्ही अगदी त्या पोस्टसारखेच बोलता.

साधा_पाळक
मी त्या पोस्टवाल्यांना ओळखत नाही, पण ती पोस्ट कधी लिहिली गेली असेल ते ओळखतो. झावळ्यांचा रविवार, मग आठवडाभर संध्याकाळच्या उपासना, गुरुवारी प्रभुभोजन, शुक्रवारी तीन तास, रविवारी अंधारात उठून सूर्योदयाची उपासना, लगेच मुख्य उपासना. मध्ये कोणाचं दुखणं, कोणाची माती. बहुतेक ठिकाणी हे सगळं एकटा माणूस करतो. सोमवारी तो माणूस फोन हातात घेऊन बसतो आणि असं काहीतरी लिहितो, जे त्याने लिहू नये. मीही लिहिलं असतं. पण रांगा राखायचं मी घरी बोललो असतो, तर माझ्या बायकोनेच आधी मला मागे बसवलं असतं.

रात्रपाळी करणाऱ्या ताईंचं वाचून एक मात्र ठरवलं. वर्गणीचे निरोप कमिटीने पाठवावेत. माझ्या नावाने जाणार नाहीत.

माजी_सेक्रेटरी
घ्या! म्हणजे वाईट पुन्हा कमिटीच.

रात्रपाळी
पाळकसाहेब, निरोप कोणीही पाठवा. वर ‘कशी आहेस’ एवढं लिहा, मग रक्कम लिहा. मी देते.

माजी_सेक्रेटरी
ठीक आहे, ‘कशी आहेस’ छापून घेऊ. आजींच्या खुर्चीवर चिठ्ठी लावू. आणि रांगा राखणार नाही, कारण राखल्या तर पहाटे तिथे पहारा मलाच द्यावा लागेल. झालं समाधान?

तिसरा_उद्गार
चौथा उद्गार?

माजी_सेक्रेटरी
तो माझ्या हातात नाही.

साधा_पाळक
आमच्याकडे माझ्या हातात आहे. पुढच्या वर्षी चौथा महिला मंडळाला देतो. तिसऱ्यावर कमिटीतल्या एखाद्या वडिलांनी बोलावं. आईविषयी त्यांनाही काही सांगता येईल.

माजी_सेक्रेटरी
द्या. पण पंधरा मिनिटं. घड्याळ धरायला कोणीतरी कडक माणूस बसवा.

तिसरा_उद्गार
बसवा ना. पहिल्या उद्गारापासून बसवा.