शब्दचर्चा : जी लीगच्या ऑल-स्टार सामन्याला मराठीत काय म्हणावे?

क्रीडापान : एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खालच्या जी लीगमधील ऑल-स्टार सामन्यावर टिपण लिहायचे आहे. ‘कनिष्ठ व्यावसायिक लीगचा तारांकित सामना’ चालेल का?

रेषेबाहेर : दोन्ही शब्द घात करतील. ‘कनिष्ठ’ म्हटले की आपल्या वाचकाला किशोर-कुमारसारखा वयोगट वाटतो. जी लीगमध्ये पंचविशी ओलांडलेले, पगारी खेळाडू सर्रास असतात. ‘तारांकित’ तर हॉटेलला लावतात, नाहीतर विधिमंडळातल्या प्रश्नाला. ‘दुसऱ्या फळीची लीग’ लिहा. क्रिकेटमुळे तो शब्द कानाला सवयीचा आहे आणि ‘दुय्यम’सारखा हिणवणारा नाही.

मधलाघेरा : फळीबद्दल सहमत. ऑल-स्टारसाठी ‘निवडक खेळाडूंचा सामना’ बरा. मात्र घाईत त्याचे ‘निवड सामना’ करू नका. त्याचा अर्थ निवड चाचणीचा सामना असा होतो. हा सामना गुणतक्त्यात धरत नाहीत, म्हणून एकदा ‘प्रदर्शनीय’ म्हणायला हरकत नाही.

क्रीडापान : संघांची नावे म्हणून ‘पूर्व विरुद्ध पश्चिम’ लिहून मोकळे व्हावे का?

रेषेबाहेर : वर्ष बघितल्याशिवाय नाही. 2018 साली लॉस एंजेलिसला जी लीगचे निवडक खेळाडू मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाशी खेळले. 2023 ला सॉल्ट लेक सिटीत सामन्याचे नावच ‘नेक्स्ट अप’ होते आणि संघ कर्णधारांच्या नावाचे : स्कूट हेंडरसन आणि लुका गार्झा. लीगचे नावही जपा. 2001 मध्ये सुरू झालेली ही लीग पुढे डी लीग झाली आणि गेटोरेडच्या प्रायोजकत्वामुळे 2017 पासून जी लीग. पहिला ऑल-स्टार सामना 2007 चा, लास व्हेगासचा. तिथे ‘जी लीग’ लिहिणे चूकच.

मधलाघेरा : सगळ्यात जास्त फसगत विशेषणात होते. त्या वर्षी एनबीएचा ऑल-स्टार सामनाही लास व्हेगासलाच, त्याच आठवडाअखेरीस होता. म्हणून डी लीगच्या सामन्यात खेळलेल्याला कुणी ‘एनबीए ऑल-स्टार’ लिहून टाकतो. तो सन्मान सर्वस्वी वेगळा आहे. खेळाडूच्या नावामागे लीगचे नाव प्रत्येक वेळी यायलाच हवे, मथळ्यातसुद्धा. जागा कमी पडली तर ‘ऑल-स्टार’ गाळा, लीग गाळू नका.

क्रीडापान : आणि ‘कॉल-अप’, म्हणजे एनबीए संघाने जी लीगमधल्या खेळाडूला वर बोलावणे?

मधलाघेरा : ‘पाचारण’. ‘बढती’ नको, कारण ते बरेचदा तात्पुरते असते. एनबीए संघाशी होणारा दहा दिवसांचा करार म्हणजे दहा दिवस किंवा तीन सामने, यांतले जे जास्त भरेल ते. मुदत संपली की खेळाडू पुन्हा खाली येऊ शकतो.

रेषेबाहेर : म्हणूनच क्रियापदही सांभाळा. संघ जाहीर झाल्यावर एखाद्याला वरून पाचारण झाले, तर त्याच्या जागी दुसरा घेतला जातो. पाचारण झालेल्या खेळाडूची ‘निवड झाली’, तो ‘खेळला’ नाही. यादीवरून लिहिताना प्रत्यक्ष सामन्याचा गुणफलक शेजारी ठेवा.

क्रीडापान : टू-वे कराराला ‘दुहेरी करार’ म्हणू?

रेषेबाहेर : ‘दुहेरी’ने बॅडमिंटन आठवते. ‘टू-वे करार’च ठेवा आणि पहिल्यांदा फोड करून सांगा : एकाच करारावर खेळाडू एनबीए संघाकडूनही खेळतो आणि जी लीगमध्येही. गार्झा 2023 मध्ये एनबीएच्या मिनेसोटा संघाकडे अशाच करारावर होता. त्याला ‘एनबीएबाहेरचा’ म्हटले तर ते चुकीचे ठरेल.