कट्टी सार्कचे दोर कधी ताठ तर कधी ढिले, कूलरमुळे होते का हे?

संत्रा_शिपयार्ड

नमस्कार मंडळी, कट्टी सार्क या जुन्या ब्रिटिश शिडाच्या जहाजाचं १:१३० चं, म्हणजे खऱ्याच्या १३० व्या हिश्शाचं, प्लॅस्टिक मॉडेल करून राहिलो. शिडाचं जहाज पहिल्यांदाच हाती घेतलं, याआधी विमानं आणि रणगाडेच केले. हल (जहाजाचं अंग), डेक, होड्या झाल्या, रंगही बरा बसला, आता गाडी दोरांवर अडकली. इतवारीतून काळं सुती रीळ आणलं होतं, त्याचे श्राउड्स आणि स्टे, म्हणजे काठ्यांना बाजूंनी आणि पुढून धरणारे दोर, मार्चमध्ये बांधले, तेव्हा मस्त टाइट होते. आता घरात कूलर सुरू झाला तर रोजचा तमाशा, दुपारी कूलर फुल असला की दोर इतके ताठ होतात की मेन मास्टचं, म्हणजे मधल्या काठीचं, वरचं टोक मागे वाकते, आणि कूलर बंद करून खोली कोरडी झाली की तेच दोर लोंबकळतात. हे दोऱ्यामुळे, प्लॅस्टिकमुळे की माझ्या गाठींमुळे? दोरा कोणता घेऊ, किती जाडीचा? आणि सूचनापत्रकात दाखवले तेवढे सगळे दोर बांधावेच लागतात का, कारण खऱ्या जहाजावर म्हणे ११ मैल दोर होते आणि मला नोकरीपण आहे. किटमधली शिडं पातळ प्लॅस्टिकची आहेत, पत्र्यासारखी दिसतात, लावू की नको तेही सांगा.

धरमपेठ_वर्कबेंच

सुती आहे नं, मग झालं. सूत ओल धरते, आणि पीळ दिलेला दोरा ओला झाला की जाडीत फुगतो अन् लांबीत आखडतो. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री आणि ठणठणीत कोरडी हवा, आत ओल्या वुडवूलमधून येणारी दमट हवा, म्हणजे तुझ्या जहाजाला रोज उन्हाळा-पावसाळा दोन्ही. आखडताना दोऱ्याने काठीला ओढलं, त्या ताणात तो स्वतः थोडा कायमचा लांबला, म्हणून वाळला की आधीपेक्षा जास्त ढिला. प्लॅस्टिक वाढून-घटून होते असं नको समजू, पॉलिस्टायरीनची ३० सेंमी काठी २० डिग्रीच्या फरकाने अर्धा मिमीही वाढत नाही. पण वाकते मात्र सहज, ते वेगळं दुखणं.

पॉलिएस्टर घे. नायलॉन नको, ते ओल पिऊन उलट ढिलं पडते. संक्रांतीची उरलेली सद्दी पण नको, तीही सूतच. नायलॉन मांजाचं तर नावच काढू नको, बंदी आहे, लोकांचे गळे कापले जातात त्याने, आणि वर चकाकते ते.

जाडी मोजायची तर पेन्सिलीवर दोरा एकाला एक चिकटवून १ सेंमीपर्यंत गुंडाळ आणि वेढे मोज. ५० वेढे बसले तर ०.२ मिमी. आता खरी गंमत, जुन्या पुस्तकांत दोर “१० इंची” लिहिला असते तो परीघ असते, जाडी नाही, बरेच जण इथेच फसतात आणि मॉडेलवर सुतळी चढवतात. १० इंची म्हणजे जाडी ३.२ इंच, ८१ मिमी, १:१३० ला ०.६ च्या आसपास. पण तुझं जहाज १८६९ चं, त्याचे काठ्या धरून ठेवणारे दोर तारेचे होते, आणि तेवढ्याच ताकदीला तार तागाच्या दोरापेक्षा बारीक लागते. समजा ४.५ इंची तार धरली तर ०.२८ मिमी. म्हणजे खालच्या श्राउड्सना ०.२५ ते ०.३, वर चढत जाशील तसं कमी, आणि हलत्या दोरांना ०.१ ते ०.१५. शंका आली तर बारीक घे. जाड दोर दहा फुटांवरून ओळखू येते, बारीक कोणालाच खटकत नाही.

इतवारीची_सुई

मी भरतकामवाली, जहाजं नवरा करतो आणि दोर माझ्या गळ्यात टाकतो 😄 त्यामुळे रिळांबद्दल सांगते. दुकानात नुसतं “पॉलिएस्टर द्या” म्हटलं तर ओव्हरलॉकचं रीळ पण देतील, ते लोकरीसारखं पिंजलेलं असतं, घेऊ नका. मशीन एम्ब्रॉयडरीचं चमकदार रीळ बरेचदा रेयॉन असतं, ओलं झालं की कमजोर. साधं शिलाईचं पॉलिएस्टर, शक्यतो लांब तंतूचं, ज्यावर लव दिसत नाही ते. कोशाचा बारीक पिळाचा धागा कोणाकडे असेल तर दिसायला देखणाच, आपल्याकडे भंडारा, आरमोरीला कोसा विणतातच की, पण रेशीमही ओल धरतं, कूलरच्या खोलीत नको.

लव घालवायला मधमाशीचं मेण, मेणबत्तीचं नाही, ते ठिसूळ असतं आणि पांढरे कण सोडतं. दोरा मेणावरून दोनदा ओढायचा, मग चिमटीत धरून ओढायचा म्हणजे बोटांच्या उबेनं आत मुरतं.

आता रॅटलाइन्स, म्हणजे श्राउड्सवरच्या त्या आडव्या पायऱ्या. खऱ्या जहाजावर साधारण १५ इंचांवर असतात, तुमच्या स्केलला २.९ मिमी. कार्डशीटवर ३-३ मिमीच्या रेघा मारा, ते श्राउड्सच्या मागे उभं करा आणि रेघेवर रेघ दोरा न्या. पुस्तकात प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच गाठ सांगतात, १:९६ पर्यंत ठीक आहे, पण १:१३० ला त्या गाठी श्राउडपेक्षा मोठ्या दिसतात. मी कडेच्या दोन श्राउड्सवरच गाठ मारते, मधल्यांतून सगळ्यात बारीक सुईने दोरा आरपार काढते. वर पातळ केलेल्या फेविकॉलचा थेंब. फेविक्विक शक्यतो नाहीच, दोऱ्यात चढतं, तो काडीसारखा होतो, आजूबाजूला पांढुरकी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि सहा महिन्यांनी हात लागला की तिथेच तुटतं. आणि आडवा दोरा ओढायचा नाही हो! ओढलात की श्राउड्स आत खेचले जाऊन कंबर तयार होते, नेटवरच्या निम्म्या फोटोंत हेच दिसतं.

किटमधल्या प्लॅस्टिकच्या तयार जाळ्या मात्र मी सरळ फेकते, जाडजूड दिसतात.

त्रिमूर्तीनगरचे_काका

सुईताईंशी सहमत. मी नेव्हीतून रिटायर, शिडाच्या जहाजावर पोस्टिंग कधी मिळालं नाही, पण कोचीला नेव्हीचं शिडाचं प्रशिक्षण जहाज तरंगिणी जवळून पाहिलं आहे. आधी तेच सांगतो, तरंगिणीचे फोटो बघून कट्टी सार्कची तिसरी काठी बांधू नका. तरंगिणी बार्क आहे, तिच्या मागच्या काठीवर यार्ड, म्हणजे शीड टांगायचे आडवे दांडे, नाहीत. कट्टी सार्कच्या तिन्ही काठ्यांवर आहेत.

सगळे दोर बांधायचे का? नाही. पण कुठले सोडायचे ते अंदाजाने ठरवू नका, दोराचं काम बघा. काठी उभी धरणारे, म्हणजे स्टे, श्राउड्स, बॅकस्टे, हे सगळे हवेत, एक कमी असला तरी जाणकाराला दिसतो. मग यार्ड फिरवणारे ब्रेस आणि यार्डची टोकं तोलणारे लिफ्ट, तेही हवेत, जहाजाचं चित्र त्यांनीच भरतं. शीड गोळा करणारे बंटलाइन, क्लूलाइन वगैरे शिडं नसतील तर बिनधास्त गाळा. उभे धरणारे दोर काळपट, हलते दोर मळकट पिवळसर. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा दोन्ही टाळा.

शिडांबद्दल. प्लॅस्टिकची लावू नका, पण नुसती काढून ठेवली की काम संपलं असंही नाही, कारण किटचं सूचनापत्रक यार्ड शिडं चढवलेल्या जागी दाखवतं. शीड सोडलेलं नसलं की वरचे यार्ड, म्हणजे अपर टॉपसेल, टॉपगॅलंट, रॉयल, काठीवरून खाली उतरवलेले असतात. सगळ्यात खालचा आणि त्याच्या लगेच वरचा लोअर टॉपसेलचा यार्ड मात्र आपल्या जागेवरच राहतो. हे न करता उघड्या काठ्यांवर सगळे यार्ड वर टांगलेली किती मॉडेलं पाहिली, बक्षीस मिळालेलीसुद्धा! गुंडाळलेली शिडं दाखवायची असतील तर टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून यार्डवर गुंडाळा, पण उंचीला शिडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच घ्या, पूर्ण घेतलात तर गादीची वळकटी होईल.

काठ्यांचे वरचे बारीक तुकडे पितळी सळीचे करा. दोरा कितीही चांगला आणला तरी प्लॅस्टिकचं ते टोक वाकणारच.

संत्रा_शिपयार्ड

काका, ताई, भाऊ, सगळ्यांना धन्यवाद, एवढं तर पत्रकात एका ओळीनंही नव्हतं. यार्ड उतरवण्याचं वाचून धक्काच बसला बाप्पा. पितळी सळी मिळेल, पण १ मिमीच्या खाली वेल्डिंगवाल्याकडे नसते म्हणतात, काय करू? आणि जुने दोर सगळे कापून टाकू का?

कोराडीरोडवाला

विषय सोडून एक. फोटोत हलचा खालचा भाग तू लालसर तांब्याच्या रंगाचा केला दिसते. कट्टी सार्कला तांब्याचे पत्रे नव्हते, मंट्झ मेटल होतं, सुमारे ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त, म्हणजे पितळच, पिवळट दिसलं पाहिजे. व्हिक्टरी या जुन्या युद्धनौकेला तांबं, ते बरोबर. डेकपण जरा जास्त केशरी झाला, सागवान उन्हा-पाण्यात राहिलं की राखाडी पडते, आलापल्लीकडच्या कोण्या जुन्या बंगल्याची रंग न दिलेली दारं पाहून घे. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत १८१७ मध्ये सागवानाचं बांधलेलं ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगून राहिलं, त्याचे डेकचे फोटोही पाहा, पॉलिश मारलेलं फर्निचर वाटत नाही ते कुठूनच.

धरमपेठ_वर्कबेंच

रंगाचं खरं आहे, पण आता हलला हात लावू नको, आधी दोर. १ मिमीच्या खालच्या सळीसाठी वेल्डिंगवाला नाही, गिटारची जाड तार किंवा सायकलचा स्पोक बघ. स्पोक २ मिमीचा असते, ड्रिलमध्ये धरून सँडपेपरने टोकाकडे निमुळता होते, वेळ लागते पण होते. स्टील आहे, प्लॅस्टिकच्या ग्लूने चिकटणार नाही, तिथे एपॉक्सी.

त्रिमूर्तीनगरचे_काका

आणि हो, दोर कापायचेच आहेत, पण एका बाजूने सरसकट कापत जाऊ नका. आत्ता ते एकमेकांच्या ताणावर उभे आहेत, पुढचे स्टे आधी कापलेत तर बॅकस्टे काठी मागे ओढतील आणि बुडाशी चीर जाईल. कूलर बंद करून, दोर ढिले असताना, एक पुढचा एक मागचा, एक डावा एक उजवा असं कापा. वरच्या काठीपासून खाली या. बांधताना बरोबर उलटं, खालून वर. कापताना डेडआयच्या, म्हणजे दोर ताणायच्या भोकं असलेल्या गोल ठोकळ्याच्या, वर बोटभर शेपूट ठेवा, नंतर ते चिमट्याने ओढून निघतं. ब्लेड डेडआयला लावलंत तर तोच तुटून हातात येईल.