‘नियमित’, ‘नियंत्रित’ की ‘नियत’? पेशीमृत्यूविषयी

प्रश्न : अन्य अवयवांत पसरलेल्या मेलॅनोमावरील, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगावरील, इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारयंत्रणेला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराच्या) लेखाचे भाषांतर तपासताना ‘regulated cell death’साठी ‘नियमित पेशीमृत्यू’ असा प्रयोग आढळला. तो योग्य आहे का? मला ‘पेशींची आत्महत्या’ अधिक सुबोध वाटते.

उत्तर : ‘नियमित’ मुळीच चालणार नाही. आपण नियमित व्यायाम, नियमित हप्ते म्हणतो. त्यामुळे पेशी रोज ठरल्या वेळी मरतात, असा भलताच अर्थ निघेल. भाजल्याने किंवा चिरडल्याने पेशी मरते तो अपघात. येथे मात्र ती स्वतःच्याच रेणूंच्या ठरावीक यंत्रणेमार्फत मरते, आणि यंत्रणा असल्यामुळेच औषधाने तिला चालना देता येते किंवा रोखता येते. म्हणून ‘नियंत्रित पेशीमृत्यू’. गर्भाच्या बोटांमधील पडदा विरतो, तशा वाढीच्या ओघातील मृत्यूसाठी ‘नियत’ राखून ठेवावा.

‘आत्महत्या’ मला पटत नाही, कारण सुरुवात बाहेरूनही होऊ शकते. मारक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची एक पेशी, कर्कपेशीच्या आवरणाला परफोरिन या प्रथिनाने छिद्रे पाडून ग्रॅन्झाइम ही विकरे आत सोडते आणि मगच आतली यंत्रणा सुरू होते. शिवाय असे लेख रुग्णांचे नातेवाईकही वाचतात.

नियंत्रित पेशीमृत्यूच्या एका प्रकारासाठी १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी रूढ केलेल्या ‘ॲपॉप्टोसिस’ या ग्रीक शब्दात पाने गळण्याची प्रतिमा आहे, आणि आपली ‘पानगळ’ तिथे चपखल बसते : वाऱ्याने ओरबाडलेले पान वेगळे आणि देठाशी थर धरून झाडाने सोडलेले पान वेगळे. अशी पेशी आक्रसते, तिचे आवरणबद्ध तुकडे शेजारच्या पेशी गिळतात आणि प्रतिकारयंत्रणेला सहसा चाहूलही लागत नाही. पायरोप्टोसिस या दुसऱ्या प्रकारात मात्र गॅसडर्मिन हे प्रथिन आवरणाला भोके पाडते, पेशी फुगून फुटते, आतील द्रव्ये बाहेर सांडतात आणि धोक्याचा इशारा जातो.

मेलॅनोमाच्या संदर्भात हा भेद कळीचा आहे. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे एकत्र दिलेल्या प्रगत मेलॅनोमाच्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण १० वर्षांनंतर हयात होते. ही मोठी झेप असली, तरी अनेकांच्या गाठींत टी-पेशी फिरकतच नाहीत. तिथे इशारा देणारा मृत्यू घडवला, तर त्या ओढल्या जातील, अशी संशोधकांची अपेक्षा आहे. मात्र अशा इशाऱ्याने उद्भवणारा दाह (inflammation) दीर्घकाळ राहिला, तर तो गाठीच्याच पथ्यावर पडू शकतो.

प्रश्न : मग पायरोप्टोसिसला ‘दाहमृत्यू’ म्हणावे का?

उत्तर : नको, त्यातून जळून मरणे ध्वनित होते. ‘दाहकारक पेशीमृत्यू’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखात ‘पायरोप्टोसिस’ हे नावही द्यावे.