नियम पाळले जातात, पण नम्रता येत नाही. काय करावं?

जिज्ञासू:
मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), जपमाळ, शुक्रवारचा उपास, सगळं वेळेवर होतं. पण आता त्याचाच ताठा चढू लागलाय. जे करत नाहीत ते मनातल्या मनात खालचे वाटतात. आणि प्रार्थनेत ओलावा उरलेला नाही. साधना कमी करावी की वाढवावी?

समई:
दोन्ही नको. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात एक परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आहे. तो आठवड्यातून दोनदा उपास करी, दशांश (मिळकतीचा दहावा भाग) देई. त्यात खोट नव्हती. खोट होती ‘मी इतरांसारखा नाही’ यात. त्यामुळे साधना आहे तशीच राहू द्या आणि ही तुलनेची सवय सोडवायला घ्या.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांचं विशेष परीक्षण, म्हणजे स्वतःच्या एकाच दोषाची रोजची तपासणी, याच कामाचं आहे. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी उठताच त्याबाबत सावध राहायचं ठरवायचं. दिवसा चूक झाली की छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही ते कुणाला कळत नाही. दुपारी आणि रात्री जेवणानंतर आठवून वहीत तितके ठिपके मांडायचे, मग आजचे कालच्याशी ताडायचे. दोष मात्र नेमका हवा. ‘गर्व’ लिहिलंत तर ठिपका कशाचा द्यायचा तेच कळणार नाही. ‘स्तुती व्हावी म्हणून विषय काढला’ असं लिहा.

पाऊलवाट:
समईंचं पटलं, पण नुसते ठिपके मोजले तर लक्ष पुन्हा स्वतःवरच. रात्रीच्या परीक्षणाचा क्रम सोडू नका: आधी देवाचे आभार, मग पाप ओळखण्यासाठी कृपा मागणं, त्यानंतर हिशोब, क्षमायाचना, आणि उद्यासाठी निश्चय. बरेच जण थेट हिशोबाला बसतात. मग ठिपके घटले की फुशारकी, वाढले की निराशा. ज्यांना आधीच प्रत्येक गोष्टीत पाप दिसतं त्यांनी तर वही हातातच घेऊ नये. ज्या फादरांकडे पापनिवेदन, म्हणजे पापांची कबुली, करता त्यांना विचारावं.

पापनिवेदन महिन्यातून एकदा तरी, शक्यतो एकाच फादरांकडे. पाप सरळ सांगा. ‘पण समोरचाच तसा वागला’ ही पुस्ती जोडली की ते दुसऱ्याचं निवेदन होतं.

ओंजळ:
ओलाव्याचं राहिलं. इग्नाशियस शुष्कतेची तीन कारणं देतात: आपली हयगय, सांत्वन (देवाकडून मिळणारा आतला दिलासा) नसताना आपण किती टिकतो याची पारख, आणि भक्तीचा उमाळा ही आपली कमाई नसून देवाचं दान आहे हे कळावं म्हणून. पहिलं कारण आधी प्रामाणिकपणे तपासा. ते नसेल तर तुमच्या बाबतीत तिसरंच असावं असं मला वाटतं. म्हणजे तुम्ही विचारलेले दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

अशा काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. उलट ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं, कारण कंटाळा नेमका शेवटच्या मिनिटांत उठवतो. मन भरकटलं तर चिडू नका, हळूच परत आणा. आविलाच्या संत तेरेजा कित्येक वर्षं पुस्तकाशिवाय मनन-प्रार्थनेला बसायला धजत नसत. तुम्हीही शुभवर्तमानातला एखादा उतारा समोर ठेवा आणि मन सुटलं की पुढची ओळ वाचा.