गावाचा पूर आराखडा गावानेच कसा करायचा?

नदीकाठचा_गडी
नमस्कार मंडळी. आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेला लागून. 2019 आणि 2021 ला राजाराम बंधाऱ्याला, म्हणजे आमच्याकडं नदीची पातळी जिथं मोजतात तिथं, पाणी 55 फुटांच्या वर गेलं, दोन्ही वेळेला निम्मं गाव पाण्यात. पूर आराखड्याची फाईल आहे, यंदा मुद्दाम उघडून बघितली तर निवाऱ्याला जी शाळा लिहिलीय तिच्याच वर्गात 2021 ला कमरेएवढं पाणी होतं. गावातल्या एकाला जरी विचारलं असतं तरी कळलं असतं ओ. 1 मेच्या ग्रामसभेत नवीन आराखडा घ्यायचाय, पण ग्रामसभेला येतात तीसजण, बोलतात चौघं. सगळं गाव यात कसं घ्यायचं?

वरची_आळी
ग्रामसभेवर अवलंबून राहू नका, गल्लीत जा. आम्ही घरोघर एकच विचारलं, बंधाऱ्याला किती फूट झालं की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं? 39 ला इशारा आणि 43 ला धोका हे सगळ्यांना पाठ आहे पण आमच्या ओढ्याकडच्या घरांना 41 लाच पाणी येतं कारण ते ओढ्यातनं उलटं चढतं, आणि वरच्या आळीला 50 पर्यंत काही होत नाही. एक आज्जी म्हणाल्या, "बाळांनो, पाणी मागच्या दारानं येतंय, पुढं काय बघत बसलाय." मग प्रत्येक गल्लीत भिंतीवर ऑइलपेंटनं 2005, 2019, 2021 च्या खुणा केल्या आणि शेजारी बंधाऱ्याचे फूट लिहिले.

शेणामेणाचं_घर
बायकांची बैठक वेगळी घ्या, बचत गट जमतो तेव्हाच. माणसं घर का सोडत नाहीत ते तिथं कळतं. दावणीला दोन म्हशी असताना कोण निघणार? आराखड्यात माणसांचा आकडा असतो, जनावरांचा नसतो. जनावरं कुठं बांधायची, वैरण कोण देणार, धारा कोण काढणार एवढं ठरलं की माणूस न सांगता बाहेर पडतो. आणि बाळंतिणी, अंथरुणावरची म्हातारी माणसं कुठल्या घरात आहेत ते गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंना तोंडपाठ असतं, त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

कृष्णाकाठ
नावेचं विसरू नका, हात जोडून सांगतो. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातनं माणसं बाहेर काढताना नाव उलटली, माणसं बुडाली, आमच्या भागात अजून तो विषय निघाला की माणसं गप्प होतात. पाणी दारात आल्यावर घाबरलेली माणसं सगळी एकदमच चढतात. एका खेपेला किती, आधी कोण, नाव लागणार कुठं, हे उन्हाळ्यातच ठरवा आणि पोहणाऱ्या पोरांकडनं जूनच्या आधी सराव करून घ्या, लाइफ जॅकेट घालून.

नदीकाठचा_गडी
मनापासून आभार सगळ्यांचे. फुटांचं आणि म्हशींचं तर डोक्यातच आलं नव्हतं. या रविवारी ओढ्याकडच्या गल्लीपासून सुरू करतो. अजून एक अडलंय, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे रात्री दोनला उघडले तर गावाला उठवायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पडतो पण त्या वेळी बघतंय कोण. देवळाचा भोंगा वापरायचा म्हटलं तर लाइट गेलेली असते. तुमच्याकडे काय करता?